ताईचा आकडा अजून वाढतोय

नाही, पण मला आधी हे सांगा, माणूस गेल्यावर त्याचं काही वाढतं का? उंची वाढते का, वजन वाढतं का, पगार वाढतो का? नाही ना? मग माझ्या ताईचा आकडा कसा वाढतोय? ताईला जाऊन महिना झाला नाही अजून, तिची चप्पल दाराशी तशीच आहे, आई ती कुणाला हलवू देत नाही, येणारा-जाणारा अडखळतो, तरी नाही… आणि इकडे हा पोरगा लॅपटॉप उघडून मला सांगतो, "दादा, तुमच्या ताईंचा आकडा कालपासून चारने वाढला." चारने! मी म्हटलं, "कोण वाढवतंय?" तर म्हणतो, "जग." असं म्हणाला आणि चहा प्यायला लागला! जग वाढवतंय म्हणे! आता हे कशात मोजायचं, सांगा!

थांबा, तुम्हाला नीट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल ह्याला दुःखाने वेड लागलंय. लागलंय थोडंसं, नाही म्हणत नाही, पण ते वेगळं.

माझी ताई समाजशास्त्रज्ञ. हा शब्द मला न अडखळता म्हणता यायला बरेच दिवस लागले, कारण मी फरशीवाला. फरशी बसवतो. शाळेचं आणि माझं लवकरच फाटलं. मास्तर म्हणाले, "हा बसत नाही." बरोबरच होतं, मी कुठेच बसत नाही. आणि ताई? ताईचं सगळं आयुष्य बसण्यात गेलं. खरंच सांगतो! तिचा अभ्यासाचा विषयच तो. लोक वाट कशी बघतात! दवाखान्यात, बसच्या थांब्यावर, कचेरीच्या बाहेर, जिथे म्हणून बाक आहे तिथे ताई जाऊन बसायची, शेजारच्याशी हळूच बोलणं काढायची आणि विचारायची, "तुम्ही कशाची वाट बघताय?" आमची आई शेजारणीला सांगायची, "लोकांच्या पोरी शिकून खुर्चीवर बसल्या, आमची एवढी शिकून बाकावर बसली!"

बरं, एवढं बसून काढलं काय शोधून? तर हे, की माणूस उशीर झाला म्हणून चिडत नाही. आपल्याला विसरलेत असं वाटलं की चिडतो. म्हणून आतल्या माणसाने थोड्या थोड्या वेळाने बाहेर यावं आणि सांगावं. काही नवीन असेल तर ते सांगावं, आणि काहीच नवीन नसेल तर "अजून नवीन काही नाही", हेसुद्धा बाहेर येऊन, तोंडाकडे बघून सांगावं. बस. एवढंच! मी तेव्हा म्हटलं होतं, "ताई, एवढंच? एवढ्यासाठी एवढी वर्षं? हे तर मी तुला फुकट सांगितलं असतं." तर हसली. म्हणाली, "बारक्या, मग सांगितलं का नाहीस?"

आता बोला!

तर ताई गेली. आणि संस्थेतून बोलावणं आलं. ती जिथे काम करायची ती संस्था हो. गेलो. वाटलं, चार शब्द बरे बोलतील, तिचा डबा-छत्री परत देतील. तिच्या खोलीत तिची मदतनीस पोर बसलेली, डोळे सुजलेले, म्हणाली, "दादा, बाईंचा अभ्यास चालू ठेवायचा की बंद करायचा ते ठरवणार आहेत. त्याआधी बाईंचा प्रभाव मोजणार आहेत." मी म्हटलं, "काय मोजणार आहेत?" म्हणाली, "प्रभाव. बाईंच्या संशोधनाचा जगावर किती परिणाम झाला ते. आकडा रेषेच्या वर आला तर अभ्यास चालू. खाली आला तर बंद."

मी म्हटलं, होऊ दे बंद. ज्याची मालकीण गेली ते दुकान बंद झालं, त्यात काय!

तर ती पोर रडायलाच लागली. म्हणाली, "दादा, अभ्यास बंद झाला की रेकॉर्डिंग पुसून टाकावी लागतात." कसली रेकॉर्डिंग? तर बाकावरच्या लोकांची. ताई ज्यांच्याशी बोलली त्या सगळ्यांची. ती लोकांची घरगुती बोलणी, अभ्यास संपला की पुसायची, असा शब्द ताईनेच त्या लोकांना दिलेला. मी म्हटलं, "मग ठीक आहे, शब्द दिलाय तर…" आणि माझी जीभ तिथेच थांबली. कारण माझ्या डोक्यात तेव्हा कुठे शिरलं. त्या रेकॉर्डिंगमध्ये ताईचा आवाज आहे!

आमच्या घरी ताईचा आवाज कुठेच नाही हो. फोटो आहेत. आवाज नाही. घरातल्या माणसाचा आवाज कोण साठवतो?

मी म्हटलं, "मला ऐकव." म्हणाली, "नाही ऐकवता येत, लोकांचं खासगी आहे." मी म्हटलं, "मी लोकांचं ऐकणार नाही, मी कान बंद करतो." तर तिने काय केलं माहितीये? एक रेकॉर्डिंग लावलं. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज. कुणीतरी खोकलं. आणि मग ताई! "तुम्ही कशाची वाट बघताय?" आणि खट्, समोरचा माणूस तोंड उघडायच्या आत बंद. मग दुसरं लावलं. "तुम्ही कशाची वाट बघताय?" खट्. तिसरं. प्रश्न तोच, पण प्रत्येक वेळी आवाज वेगळा बरं का! म्हाताऱ्याला विचारताना वेगळा, आईला विचारताना वेगळा, घाबरलेल्याला विचारताना असा, की घाबरलेलाच म्हणेल, तुम्ही बसा, मी तुम्हाला पाणी आणतो. मी म्हटलं, "अजून एक लाव." आता हे कशात मोजायचं, सांगा!

पण मोजणारा आला होता ना! बाहेरून माणूस नेमलेला, तो लॅपटॉपवाला. काडीसारखा पोरगा, जाड चष्मा, बोलायला एकदम गोड. मी त्याचं नाव ठेवलं मापाड्या. तोंडावरच म्हटलं. रागावला नाही, उलट विचार करून म्हणाला, "बरोबर आहे, तसंच काहीसं आहे माझं काम."

मी म्हटलं, "मापाड्या, दाखव कसं मोजतोस. मोजमाप माझ्याही धंद्यात आहे. मला फसवू नको."

म्हणाला, "सोपं आहे दादा. एखाद्या अभ्यासकाने आपल्या लेखात तुमच्या ताईंच्या लेखाचा उल्लेख केला की एक संदर्भ धरायचा."

"बरं."

"आता ताईंचे समजा दहा लेख असे आहेत, की त्यातल्या प्रत्येकाला कमीत कमी दहा संदर्भ मिळालेत, तर ताईंचा आकडा दहा."

"आणि एकाच लेखाला हजार मिळाले, बाकीच्यांना काहीच नाही, तर?"

"तर आकडा एक."

"एक? अरे, मग नऊशे नव्याण्णव गेले कुठे?"

"ते आहेत. पण दिसत नाहीत."

घ्या! मी डोक्याला हात लावला. म्हणजे माझ्या एखाद्या फरशीवरून हजार माणसं चालून गेली, तर गिऱ्हाईक मला सांगणार, एकच धरला, बाकीचे आहेत, पण दिसत नाहीत! पण तुम्हाला खरं सांगतो, तो हे जे सगळं बोलत होता ते मला अर्धं कळत नव्हतं आणि तरी छाती भरून येत होती. त्याने पडद्यावर एक नकाशा उघडला. सगळं जग. आणि त्यावर ठिपके. जिथे जिथे कुणीतरी ताईचं वाचलंय तिथे ठिपका. अहो, समुद्रात ठिपका! मी म्हटलं, "हे चुकलंय, पाण्यात कोण वाचणार?" त्याने ते मोठं केलं, तर खाली बेट! एवढंसं बेट, चिंचोक्याएवढं, आणि तिथे कुणीतरी माझ्या ताईचं वाचतंय! आमची ताई! जिला शेजारच्या गल्लीत नेलं तरी वाट चुकायची!

मी विचारलं, "मग आपण रेषेच्या वर की खाली?" म्हणाला, "अगदी रेषेवर आहे दादा. थोडे जास्त लोक वाचतील तर बरं होईल. संदर्भ मोजतो तसे किती जणांनी लेख फोनवर, लॅपटॉपवर उतरवून घेतला तेही मोजतो."

झालं! हे त्याने मला सांगायला नको होतं.

मी तसाच कामावर गेलो. इमारत अर्धवट, तिसऱ्या मजल्यावर आमची फरशी चाललेली. मी सगळ्यांना हाक मारली. फरशीवाले, रंगारी, नळवाले, सुतार, खालचा पहारेकरी. म्हटलं, "काढा फोन!" मुकादम ओरडला, "अरे काय चाललंय? मसाला वाळतोय तिकडे!" मी म्हटलं, "मुकादम, माझ्या बहिणीचा प्रश्न आहे." त्याने टोपी काढली आणि म्हणाला, "माझ्या फोनवर कसं करायचं ते सांग." असा माणूस तो! आणि मग आम्ही सगळ्यांनी, सिमेंटच्या हातांनी, ताईचा लेख उतरवून घ्यायला सुरुवात केली. प्रत्येक वेळी ते मोजणारं यंत्र विचारतं, नाव काय, कुठून वाचताय, काम काय करता. रंगारी म्हणाला, "काम काय लिहू? रंगारी?" मी म्हटलं, "वेडा आहेस का? रंगारी कशाला वाचेल? समाजशास्त्रज्ञ लिही!" मग काय, सगळ्यांनी तेच लिहिलं. नळवाले समाजशास्त्रज्ञ. सुतार समाजशास्त्रज्ञ. मुकादमाने तर "ज्येष्ठ" असं आणखी पुढे लावलं.

दुसऱ्या दिवशी मापाड्याचा फोन.

"दादा, तुम्ही सध्या काम कुठे करताय?"

मी म्हटलं, "का रे?"

"नाही, एका अर्धवट इमारतीत तिसऱ्या मजल्यावर अचानक खूप समाजशास्त्रज्ञ जमलेत. आपल्या सगळ्या देशात मिळून एका वेळी एवढे जमत नाहीत."

मी फोन ह्या कानावरून त्या कानावर घेतला.

"त्यात एक ज्येष्ठ आहेत."

मी म्हटलं, "मापाड्या, आकडा वाढला ना पण?"

तर तो काडीसारखा पोरगा पहिल्यांदा चढ्या आवाजात बोलला. म्हणाला, "दादा, यंत्राला संशय आला! आणि यंत्राला संशय आला की ते एकट्या तुमच्या इमारतीला बाहेर काढून थांबत नाही. त्या जातीचे सगळेच बाहेर काढतं. जे जे वाचणारे विद्यापीठातले नाहीत, ते सगळे गेले. ताईंचा आकडा रेषेच्या खाली गेलाय!"

तुम्हाला सांगतो, मी त्या बसवलेल्या ओल्या फरशीवरच बसलो. मुकादम ओरडला नाही. मी माझ्या हाताने केलं हो! ताईचा आवाज पुसायची तयारी मी माझ्या हाताने केली! आणि आई घरी विचारते, "काय म्हणतायत संस्थेतले?" तिला काय सांगू? आई, मी तिच्यावर एवढं प्रेम केलं की यंत्राला संशय आला?

पण मापाड्याचं मन मोठं. संध्याकाळी आमच्या घरी आला. आईने दार उघडलं, तोही चपलेला अडखळला. म्हणाला, "नियमात एक वाट आहे. संशय आला तर एकेका वाचणाऱ्याला फोन करून खात्री करून घ्यायची, की बाबा तू खरा आहेस ना. खरे निघाले की परत धरायचे. कुणी करत नाही, फार वेळखाऊ आहे." मी म्हटलं, "चल."

मी काम सोडलं आणि संस्थेत त्याच्या शेजारी बसलो. मी! बसलो! तो नंबर काढून देणार, मी फोन लावणार.

पहिला फोन एका बस डेपोत. मी म्हटलं, "तुमच्या इथे कुणी वाट बघण्यावरचा लेख वाचला का हो?" पलीकडचा माणूस ओरडला, "कोण, ती 'बाहेर या' वाली बाई? अहो, आमच्या खिडकीची काच वाचली तिच्यामुळे! पूर्वी गाडीला उशीर झाला की लोक दगड मारायचे. आता मी थोड्या थोड्या वेळाने बाहेर जातो आणि सांगतो, गाडी कुठे आहे ते मला माहीत नाही." मी म्हटलं, "मग लोक काय म्हणतात?" म्हणाला, "म्हणतात, बरं!" आणि जोरात हसला. "तुम्हाला सांगतो साहेब, माहीत नाही हे इतक्या मानाने सांगता येतं, हे मला माहीतच नव्हतं!" साहेब म्हणाला मला. मी समाजशास्त्रज्ञासारखा खोकलो.

मग एका तुरुंगात. होय, तुरुंगात! भेटीच्या खोलीवरचा शिपाई. तो हळू बोलत होता. म्हणाला, "आमच्याकडे येतात त्या आया. वाट बघून बघून, कुणी काही सांगत नाही म्हणून, मुलाला न भेटताच निघून जायच्या. आता मी बाहेर येऊन सांगतो, अजून आणलं नाही, पण तुम्ही लक्षात आहात. थांबतात मग." मी विचारलं, "त्या बाई आल्या होत्या का तुमच्याकडे?" म्हणाला, "नाही. आमच्या आधीचा शिपाई वाचून सांगून गेला. का? कुठे असतात त्या?"

मी फोन मापाड्याकडे दिला.

मग एक फोन परदेशातल्या एका कचेरीत. मापाड्या त्यांच्या भाषेत बोलला, फोन ठेवला, पण लॅपटॉपवर काही चढवेना. मी म्हटलं, "काय झालं? खोटे निघाले?" म्हणाला, "नाही दादा. ह्यांनी लेख वाचलेलाच नाही. ह्यांच्या एका माणसाने वाचला, तो कधीच नोकरी सोडून गेला. हे त्याचं बघून करतात. ह्यांचं बघून शेजारची कचेरी करते, तिचं बघून तिसरी. ताईंचं नाव त्यांनी ऐकलेलंच नाही." आणि चष्मा काढून पुसत म्हणाला, "मी हे काम करतो तेव्हापासून असं कधी मोजलं नव्हतं. हे कुठपर्यंत गेलंय ते मला सांगता येणार नाही."

मला मात्र कळलं बरं का! न्हाणीघराची फरशी सांध्यात जरा उघडी राहिली तर पाणी मुरतं आणि ओल कुठे दिसते? तिथे नाही दिसत. तीन खोल्या पलीकडे, भलत्याच भिंतीला दिसते. माझ्या धंद्यात ह्याला गळती म्हणतात आणि पैसे कापतात. ताईच्या धंद्यात ह्यालाच प्रभाव म्हणतात! आता हे कशात मोजायचं, सांगा!

आणि मग त्याने पुढचा नंबर काढला आणि मला दिला नाही. म्हणाला, "हा मी लावतो." मी म्हटलं, "दे इकडे." बघितलं. तर ते इस्पितळ. जिथे ताई… तेच.

मी लावला. मोठी सिस्टर आली फोनवर. मी आपलं पाठ केलेलं बोललो, संस्थेतून बोलतोय, वाट बघण्यावरचा लेख तुमच्याकडे कुणी वाचला का? ती म्हणाली, "वाचलाय की. नव्या मुलींना आम्ही तेच शिकवतो." आणि थांबली. मग म्हणाली, "तुम्ही फरशीवाले भाऊ का?"

अहो, तिने आवाज ओळखला! ओळखणारच, कारण मी तिच्यावर ओरडलो होतो. त्या बाहेरच्या खोलीत मी खाली बघून फरशीचे सांधे तपासत बसायचो, सगळे वाकडे, आणि ही सिस्टर परत परत बाहेर यायची, माझ्यासमोर उभी राहायची आणि म्हणायची, "भाऊ, अजून नवीन काही नाही." शेवटी मी ओरडलो, "मग सांगता कशाला!" तर ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही इथे आहात म्हणून." आणि थोड्या वेळाने परत आली! तुम्हाला खरं सांगतो, त्या दिवसांत मी ताठ राहिलो तो तेवढ्यावर. ती बाहेर यायची म्हणून. मला तेव्हा वाटलं, बाई स्वभावाने चांगली आहे. स्वभाव! तो स्वभाव नव्हता हो, ती ताई होती! ताई आत पडलेली आणि ताईच बाहेर येऊन मला सांगत होती!

मी सिस्टरला म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं, ती कोण आहे?" म्हणाली, "आधी नव्हतं. एका दुपारी आमची धावपळ झाली, कुणी बाहेर गेलं नाही. तर त्यांनी मला हाक मारली. बोलायला त्रास होत होता त्यांना. म्हणाल्या, बाहेर माझा भाऊ आहे, तो बसणाऱ्यातला नाही, त्याला जाऊन सांगा. मी म्हटलं, काय सांगू, नवीन काही नाही. तर म्हणाल्या, तेच सांगा."

आता… हे…

जाऊ द्या. पाणी पितो.

हां. तर अभ्यास चालू की बंद ते ठरवणाऱ्या समितीची बैठक. आम्हाला बाहेरच्या बाकावर बसवलं. मी, मापाड्या आणि ती मदतनीस पोर. आत बैठक चालू. किती वेळ गेला, कुणी बाहेर येईना! अहो, जिथे ताईने हे शोधून काढलं त्या इमारतीत, तिच्याच खोलीसमोर, एक माणूस बाहेर येऊन सांगेना! मी उठलो, दार ढकललं आणि म्हटलं, "काही नवीन आहे का?" आतले सगळे दचकले. अध्यक्ष बाई म्हणाल्या, "अजून नाही." मी म्हटलं, "बरं!" आणि दार लावून घेतलं. मदतनीस पोर इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

मग आम्हाला आत घेतलं. मापाड्याने सगळं सांगितलं. डेपो, तुरुंग, इस्पितळ. अध्यक्ष बाई म्हणाल्या, "फार हृद्य आहे. पण खरे वाचणारे परत धरूनसुद्धा आकडा किती होतो?" मापाड्या म्हणाला, "रेषेच्या किंचित खाली." म्हणाल्या, "मग…"

त्या "मग"वर मी खुर्चीतून अर्धा उठलो.

तेवढ्यात टेबलाच्या टोकाला एक म्हातारे सर होते, पिकलेल्या भुवया, हातात काठी, ते ती काठी आपटून म्हणाले, "आकडा चुकीचा आहे. माझा नवा लेख आजच छापून आलाय, तो धरलेला नाही." अध्यक्ष बाई म्हणाल्या, "सर, तुमचा लेख तर त्यांच्या विरुद्ध आहे." म्हणाले, "संपूर्ण विरुद्ध आहे! तिच्या प्रत्येक लेखाचं नाव घेऊन मी तो खोडलाय. एकही सोडलेला नाही." मापाड्या टुणकन उठला, लॅपटॉपवर बोटं नाचवली आणि ओरडला, "वर आला! रेषेच्या वर आला!"

मी म्हटलं, "अरे, पण ते तर ताईला नावं ठेवतायत!" मापाड्या म्हणाला, "दादा, यंत्राला फक्त उल्लेख कळतो. कौतुक केलं काय आणि धुऊन काढलं काय, संदर्भ तो संदर्भ!"

अध्यक्ष बाई म्हणाल्या, "सर, तुम्हाला हा अभ्यास चालू राहायला हवाय? तुम्ही तर आयुष्यभर त्यांच्याशी भांडलात." तेव्हा ते म्हातारे सर उठून उभे राहिले. आवाज चढवला. म्हणाले, "ती चुकलीच होती! मी ते सिद्ध करणार होतो. अजून झालेलं नाही. तुम्ही रेकॉर्डिंग पुसलीत तर मी सिद्ध कशावरून करू? तिच्या विरुद्ध लिहून लिहून मी प्राध्यापक झालो, माझी पुस्तकं झाली, सकाळी उठलो की मला काम असायचं. तो प्रभाव ह्या पोराने कुठल्या खात्यात धरलाय?"

मापाड्याने लॅपटॉप हळूच मिटला. मला त्या म्हाताऱ्याला मिठी मारावीशी वाटली आणि एक ठेवून द्यावीशीही वाटली. आता हे कशात मोजायचं, सांगा!

अभ्यास चालू राहिला. रेकॉर्डिंग राहिली. घरी येऊन आईला सांगितलं, तिने मान हलवली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. मी बाहेर बसलो. थोड्या वेळाने तीच बाहेर आली, म्हणाली, "रडतेय. बाकी काही नाही." आणि परत आत गेली.

सगळं झालं म्हणता? कुठलं हो! त्या दिवशी संस्थेतून निघतानाच जिन्यात त्या म्हाताऱ्या सरांनी मला गाठलं. "तुम्ही भाऊ ना? मग सांगा, तिच्या वाट बघण्यावरच्या लेखातला पाचवा मुद्दा तुम्हाला पटला का?" मी म्हटलं, "सगळंच पटलं." म्हणाले, "सगळंच पटलं म्हणजे वाचलेलं नाही. वाचा आणि या. मला भांडायला आता कुणी नाही." आणि काठी टेकत टेकत गेले.

मी मापाड्याला म्हटलं, "बघ, हा म्हातारा माझ्या मागे लागला. आपल्या इमारतीतले सगळे बाद केलेस ना तू? मग मला कशाला वाचायला लावतात?" तर तो गोड हसून म्हणाला, "दादा, सगळे बाद केले. एक ठेवलाय. तुमचा. तुमच्या नावाचा वाचक खरा आहे, असं मी लिहून दिलंय."

अहो, लिहून दिलंय! जगाच्या त्या नकाशावर आता एक ठिपका माझा आहे आणि तो खोटा पडला तर त्या भल्या पोराची नोकरी जायची. आता काय करतो? कामावरून आलो की हात धुतो आणि बसतो. बसतो हो मी! भाषा आपलीच आहे, पण शब्द एकमेकांच्या ओळखीचे, माझ्या नाहीत. एकेक शब्दाला ढुसण्या मारत जातो. आई रोज विचारते, "कुठवर आलास?" काय सांगू तिला? ताईचं बेटावर वाचून झालं, तुरुंगात वाचून झालं, दुश्मनाने तर पाठ केलं… आणि सख्खा भाऊ अजून पहिल्या पानावर, तिसऱ्या ओळीत अडकलाय!